वाफेचा हिशेब

जुनी जीप बाळगणारी माणसं दोन प्रकारची. पहिला प्रकार गाडी चिखलात घालतो, फोटो काढतो आणि रविवारी संध्याकाळी मुंबईला परत जातो. दुसरा प्रकार गाडी फारशी हलवतच नाही. पण बोनेटखालची कुठली नळी कुठून निघते, कुठे जाते आणि कशासाठी जाते, हे त्याला तोंडपाठ असतं, आणि ते ऐकवायला त्याला माणूस लागतो. पहिला प्रकार दर शनिवारी कर्जतच्या फार्महाऊसांवर उतरतो. दुसऱ्या प्रकारचा अस्सल नमुना भिसेगावात आमच्या शेजारी राहतो आणि ऐकणारा माणूस बहुतेक वेळा मीच असतो.

त्यांना सगळे अप्पा म्हणतात. रेल्वेच्या स्टोअरमधून निवृत्त झाले. घाट चढताना गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं कर्जतला जोडतात, त्यामुळे इथल्या पोराटोरांनाही इंजिनांचं कौतुक असतं. अप्पांचा इंजिनाशी संबंध मात्र नट-बोल्टांच्या नोंदवहीपुरता आला. उभ्या नोकरीत एक वॉशर हिशेबाबाहेर जाऊ दिला नाही, हे ते अजून सांगतात. घरातही तोच कारभार. वाणसामानाची यादी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटवलेली. पाहुणा उठून अंगणात गेला की खोलीतला दिवा बंद. पाहुणा चप्पल शोधायला परत आला तर अंधारात शोधतो.

अशा माणसाने जिप्सी का घेतली, हे कोडं भिसेगावाला अजून सुटलेलं नाही. ‘स्वस्तात मिळाली’ एवढंच अप्पा सांगतात. एक कंत्राटदार गाव सोडून निघाला होता, त्याला ती काढायची होती. मारुती जिप्सी आली 1985 च्या डिसेंबरात, 970 सीसीचं छोटं इंजिन घेऊन. 1996 मध्ये तेराशेचं इंजिन टाकून तिची ‘किंग’ झाली आणि 2000 मध्ये कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं. लष्कर, पोलीस, जंगलखातं सगळ्यांनी ती वापरली आणि 2019 मध्ये कंपनीने ती बंद केली. अप्पांची 2001 ची, एमपीएफआय. लिटरला दहा किलोमीटर दिले तर देवाला नारळ फोडावा अशी तिची भूक. अप्पांनी त्यावर साधा उपाय शोधला. गाडी चालवायचीच नाही. आंब्याखाली पत्र्याची शेड उभारली, गाडी आत घातली, वर जुनी चादर टाकली. उभी गाडी पेट्रोल खात नाही, असा त्यांचा ठाम विश्वास होता.

तो विश्वास मे महिन्यातल्या एका दुपारी उडाला. आधी काकूंना वास आला. ‘अहो, शेडमध्ये पेट्रोलचा वास मारतोय,’ असं त्या म्हणाल्या. अप्पा खाली वाकून बघू लागले. गळती कुठे नाही, जमीन कोरडी, वास मात्र दरवळतोय. त्यांनी नाक लावत लावत माग काढला, तर टाकीकडून पुढे आलेली एक रबरी नळी इंजिनापाशी मोकळीच लोंबत होती. तिच्या जोडीदार नळीच्या तोंडात एक बोल्ट कोंबून वर क्लिप आवळलेली. म्हणजे पूर्वीच्या कुणा फिटरने डमी मारली होती. या दोन नळ्यांच्या मधे जे काही असायला हवं होतं, ते गायब होतं.

आमच्याकडे कुठल्याही गॅरेजात अशा भागांचं भविष्य ठरलेलं असतं. बोनेट उघडलं की फिटर काळ्या डब्याकडे बोट दाखवतो. ‘याचा काही उपयोग नाही, काढून टाकू?’ मालक मान हलवतो. गाडी सुरू होते, चालतेही, म्हणून दोघांचंही बरोबर ठरतं. तो डबा गाडीसाठी नसून हवेसाठी बसवलेला असतो, हे दोघांनाही माहीत नसतं. माहीत असलं तरी हवा काही बिल भरत नाही.

अप्पांना हवेचं फारसं पडलेलं नव्हतं. त्यांच्या काळजाला लागलं ते वेगळंच. आपण टाकीत ओतलेलं पेट्रोल, लिटरला शंभरावर रुपये मोजून घेतलेलं पेट्रोल, गाडी एक फूटही न हलता उडून जातंय! पेट्रोल म्हणजे हलक्या-जड द्रवांचं मिश्रण. त्यातलं पेंटेन तर 36 अंशांनाच उकळतं आणि कर्जतची मे महिन्यातली दुपार त्याच्या वर असते. दुपारी टाकी तापली की आत वाफ धरते आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडते. रात्री टाकी गार झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते. पुन्हा दुपार, पुन्हा वाफ. अप्पांनी पत्रिकेच्या पाठीवर गणित मांडलं. समजा, दिवसाला 20 ग्रॅम गेलं. म्हणजे 27 मिलीलिटर. म्हणजे पावणेतीन रुपये. वर्षाचे हजार! ‘आणि हे मी चालवली नाही तर,’ असं म्हणून ते खुर्चीत बसले.

त्या दिवसापासून अप्पा पर्यावरणवादी झाले.

मधे जो डबा हवा होता, तो कोळशाचा. टाकीतली वाफ नळीने या डब्यात येते, आतले कोळशाचे दाणे तिला धरून ठेवतात. गाडी सुरू होऊन इंजिन तापलं की एक झडप उघडते, इंजिनाची ओढ डब्याच्या खालच्या तोंडातून ताजी हवा खेचते आणि ती हवा कोळशातलं पेट्रोल सोडवून सिलिंडरमध्ये नेते. म्हणजे उडालेलं पेट्रोल परत येतं आणि कामाला लागतं. हे समजलं तेव्हा अप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता. जगात कुठेतरी आपल्यासारखाच विचार करणारा एक इंजिनिअर होऊन गेला, याचा आनंद त्यावर होता.

मी त्यांना मूळ कथा सांगितली. 1940 च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, पिकं करपायला लागली. ते धुरकं कशाचं, हे शोधायचं काम आलं आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञाकडे. तो तेव्हा कॅलटेकमध्ये अननसाचा स्वाद कशाने येतो याचा अभ्यास करत होता. त्याने अननस बाजूला ठेवून हवा तपासली आणि दाखवून दिलं, की गाड्यांतून आणि तेल कारखान्यांतून सुटणारी पेट्रोलसारखी न जळलेली वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र येतात आणि ते धुरकं तयार होतं. पुढे कॅलिफोर्नियात आधी इंजिनाचा धूर आणि मग, 1970 च्या गाड्यांपासून, टाकीची वाफ कोंडायची सक्ती झाली. अप्पांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, ‘त्या अननसांचं पुढे काय झालं?’

कोळसा साधा नव्हे, सक्रिय कोळसा. त्याला इतकी सूक्ष्म छिद्रं असतात, की सगळ्यांच्या आतल्या भिंती पसरल्या तर एका ग्रॅमचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जातं. मी हे सांगत होतो तेव्हा ओट्यावर आमचा जमिनीचा एजंट मित्र चहा पीत बसला होता. कर्जतमध्ये आता चहाला बसलं की एक तरी एजंट असतोच. अप्पांनी लगेच बोटं मोजली.

‘हजार चौरस मीटर म्हणजे दहा गुंठे. एका ग्रॅमात?’

‘हो.’

‘डब्यात अर्धा किलो धरला तर पाच हजार गुंठे. सव्वाशे एकर!’

एजंटाने कप खाली ठेवला. ‘कुठे आहे म्हणालात? सातबारा क्लिअर आहे का?’

सव्वाशे एकराचा नवा डबा विकत घेणं मात्र अप्पांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी एका पुस्तकात वाचलं होतं, की सक्रिय कोळसा नारळाच्या करवंटीपासूनही करतात. करवंट्या घरात होत्याच. त्या जाळल्या, कुटल्या, कमी पडल्या म्हणून इस्त्रीवाल्याकडून दोन मुठी कोळसा आणला आणि सगळं मिळून औषधाच्या प्लास्टिकच्या बरणीत भरलं. करवंटी नुसती जाळून भागत नाही, तिच्यावर फार मोठ्या तापमानात वाफेची प्रक्रिया करावी लागते, हा भाग पुस्तकात पुढच्या पानावर होता. गाडी सुरू केल्यावर ती काळी भुकटी सरळ झडपेत गेली आणि जिप्सी रात्रभर खोकलेल्या माणसासारखा आवाज काढू लागली. झडप काढून, साफ करून, पुन्हा बसवेपर्यंत काकूंच्या दोन चांगल्या जुन्या साड्यांची फडकी झाली.

मग अप्पा लोकलने कुर्ल्याला गेले. सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथे भंगारातल्या जिप्सीचा डबा त्यांना मिळाला. दुकानदाराने सातशे सांगितले. अप्पा दुपारपर्यंत तिथेच बसून होते. किती दिले ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण दुकानदाराने शेवटी चहाही पाजला असं म्हणतात. डबा चांगला आहे की नाही याची परीक्षा ते तिथेच करून आले. टाकीच्या तोंडातून फुंकायचं, दुसऱ्या तोंडातून हवा बिनअडथळा आली पाहिजे. फुंकायचंच. ओढायचं कधीच नाही, आत पेट्रोलची विषारी वाफ असते. हा इशारा कंपनीच्या पुस्तकात ठळक छापलेला आहे आणि अप्पा तो आमच्याकडे चहाला आले तरी देतात.

डब्याने अप्पांच्या डोक्यात एक खातेवही उघडली. बोनेटखालचा प्रत्येक भाग आता त्यात कुठल्या बाजूला मांडायचा, हे ठरवायला ते बसले. जमेच्या बाजूला पहिला डबा, दुसरी पीसीव्ही झडप. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा गॅस खाली ऑइलमध्ये उतरतो. जुन्या जीपगाड्यांत तो एका पाइपने सरळ रस्त्यावर सोडून द्यायचे. गाडीखाली काळा ओघळ दिसायचा तो त्याचाच. पीसीव्ही तो गॅस परत इंजिनात पाठवते आणि जाळते. अप्पांनी ती झडप उपसली, कानाशी धरली आणि हलवली. खुळखुळ वाजली. ‘जिवंत आहे,’ म्हणाले. वाजली नाही तर आतला दट्ट्या चिकटलाय असं समजायचं. तेव्हापासून पाहुण्यांच्या लहान पोरांना ते ती खुळखुळवून दाखवतात. अशा वेळी जिप्सी अर्थातच बंद असते, त्यामुळे इंजिनाचं काही बिघडत नाही.

पुतण्याच्या डिझेल जीपमध्ये ईजीआर आहे, ते मात्र अप्पांना पटलेलं नाही. धुराड्यातून निघालेला धूर थोडा परत सिलिंडरमध्ये घालायचा, म्हणजे आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. शास्त्र बरोबर आहे. अप्पा तोंड वाकडं करतात. ‘उष्टं वाढायचं इंजिनाला? आणि त्यात परत काही मिळतही नाही!’ दुसरा आक्षेप खरा. पहिला फक्त बोलण्यापुरता.

सगळ्यात जास्त भांडण झालं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशी. 1995 च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल कारला तो सक्तीचा झाला, आणि शिसं त्याला विष असल्यामुळे बिनशिशाचं पेट्रोल त्याच्या सोबतीने आणावं लागलं. सायलेन्सरच्या आधी बसलेला हा डबा न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड पुरतं जाळून टाकतो. अप्पांचा सवाल असा, की जाळलं तर त्याची उष्णता कुणाला मिळाली? रस्त्याला! म्हणजे पैसे माझे, फायदा मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याचा. म्हणून कन्व्हर्टर गेला वहीच्या ‘दानधर्म’ या रकान्यात. पंधरा वर्षं उलटल्यावर भरावा लागणारा पर्यावरण कर आधीच तिथे बसलेला होता.

पण एके दिवशी मी बोलता बोलता सांगून बसलो, की कन्व्हर्टरच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा थर असतो. अप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जिप्सी उलटी करून लावलेली होती, शेपूट भिंतीला चिकटवून. आणि कुत्रं, जे गेली कित्येक वर्षं पुढच्या फाटकाशी बांधलेलं असायचं, ते शेडमध्ये आलं होतं. कन्व्हर्टर वहीत ‘दागिने’ या सदरात गेला.

पीयूसीचा दिवस हा त्यांचा सण. पीयूसीवाला मागून नळी घालतो, इंजिन नुसतं चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतो. अप्पांच्या वयाच्या गाडीला, म्हणजे त्यांच्या गाडीच्या वयाला, मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे. एवढ्यात त्यांची जिप्सी डोळे झाकून पास होते. तरी अप्पा दरवेळी वाद घालतात. ‘तुम्ही मागचंच बघता. टाकीतून जे उडतं त्याचं काय? ते कोण मोजणार?’ तक्रार रास्त आहे. वाफ मोजायची तर सबंध गाडी बंद खोलीत तासन्‌तास उभी करून ठेवावी लागते. तशी चाचणी कारखान्यातून मॉडेल बाहेर पडण्याआधी होते, पंपावरच्या केबिनमध्ये होत नाही. आणि अप्पांच्या जिप्सीचं बाकी सगळं प्रदूषण जमेला धरायचंच नाही, कारण ती चालतच नाही. तिचं जे काही आहे ते वाफेचंच.

शिवाय कन्व्हर्टर थंड असला तर काही कामाचा नाही. तो अडीचशे-तीनशे अंशांना तापल्यावरच कामाला लागतो. म्हणून पीयूसीला जाण्याआधी गाडी तापवायला हवी. म्हणून पेट्रोल जाळायला हवं. या पेचातून अप्पांनी असा मार्ग काढला, की पीयूसी संपायला आला की कोंदिवड्याच्या बहिणीकडे द्यायचं काहीतरी साठवून ठेवायचं. या वेळी तांदळाचं पोतं होतं. मला सोबत घेतलं ते पोतं उतरवायला.

वाटेत पंपावर थांबलो. पोऱ्याने ऑटो कट झाल्यावर सवयीने विचारलं, ‘राउंड फिगर करू?’ अप्पा ओरडले, ‘एक थेंब नको!’ टाकी गळ्यापर्यंत भरली की पातळ पेट्रोल वाफेच्या नळीतून डब्यात जातं आणि कोळसा कायमचा बाद होतो. सव्वाशे एकर पाण्याखाली. अप्पांनी आठशे सत्त्याण्णव रुपये काही पैसे असा विचित्र आकडा मोजून दिला. पैशांपर्यंत मोजला.

कोंदिवड्याहून परतताना, कोंढाणे लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक जिप्सी उभी दिसली. मोठाले टायर, टपावर दिव्यांची रांग, बाजूला स्नॉर्केल, दारावर वाघाचं चित्र. भोवती डोंबिवलीची चार पोरं. गाडी पाच-सात किलोमीटर नीट चालते, मग आचके देऊन बंद पडते, थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू होते. प्लग बदलले, फिल्टर बदलला, पंपसुद्धा बदलला. आता गाडी घरी ओढून न्यायला क्रेनला फोन लावणार होते. त्यांनी इंजिन सुरू ठेवलं होतं. अप्पांनी नमस्कार-चमत्कार न करता आधी हात आत घालून किल्ली फिरवली, बंद केलं, मग बोलायला लागले.

‘टाकीचं टोपण उघडताना आवाज येतो?’

पोरं एकमेकांकडे बघू लागली. अप्पांनी टोपण फिरवलं. टाकीने चांगला लांब ‘फुस्स’ केला. हवा बाहेर नाही आली, आत गेली. ‘आत पोकळी झालीय. पंप पेट्रोल ओढतोय, पण त्याच्या जागी हवा यायला वाटच नाही.’ टोपण डुप्लिकेट निघालं. मूळ टोपणात हवा आत घेणारी बारीक झडप असते, यात नुसता रबर होता. पण दुसरी वाट कोळशाच्या डब्यातून असते, ती का बंद? अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइलचा दिवा पोराच्या हातात दिला (स्वतःचा नाही), आणि नळीवरून बोट फिरवत डब्याच्या खालच्या तोंडाशी आले. तोंड मातीने लिंपलेलं. कुंभारीण माशीने त्यात घर बांधलं होतं, गुळगुळीत, हात फिरवून सारवल्यासारखं. अप्पांनी तारेने अलगद टोकरलं. माती ढासळली, मागोमाग वाळक्या अळ्या पडल्या. मग त्यांनी तोंड लावलं आणि फुंकलं. ‘फुंकायचं,’ त्यांनी मान वर करून चौघांनाही सांगितलं, ‘ओढायचं नाही.’

गाडी सुरू झाली. पोरांनी कोंढाण्याच्या चढावर एक फेरी मारून परत आणली, बंद पडली नाही. त्यातल्या एकाने खिशात हात घातला. ‘काका, काय देऊ?’

‘पैसे नकोत. मूळ टोपण घ्या. ओढ्यात घालणार असाल तर डब्याची खालची नळी वर, बोनेटपर्यंत घ्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, जुने रबर फुगतात, सगळ्या नळ्या बघून घ्या. आणि महिन्यातून एकदा टोपण उघडून ऐकत जा. फुस्स झालं तर मला फोन करा.’

पोराने नंबर घेतला. ‘तुम्हाला मिस कॉल देतो काका, सेव्ह करा.’

‘मिस कॉल नको,’ अप्पा म्हणाले. ‘माझ्यात इनकमिंगपुरताच बॅलन्स असतो. पूर्ण लावा. आणि सांगायचं असेल ते तुमच्या खर्चाने सविस्तर सांगा.’